सावलीतलं ऑफिस

आमच्या कापसाच्या जिनिंगचं ऑफिस रोज सकाळी कडुनिंबाच्या पश्चिमेला भरायचं आणि संध्याकाळी पूर्वेला सुटायचं. मधल्या वेळात ते सावलीच्या मागे मागे सरकत झाडाला अर्धी प्रदक्षिणा घालून यायचं. साहेबांचं टेबल, माझं टेबल, लोखंडी खुर्च्या, पाण्याचा माठ, शिक्क्यांची पेटी, असा सगळा संसार. टेबलांना खाली कापसाच्या जुन्या ट्रॉलीची चाकं बसवलेली होती. एखादा शेतकरी फाटकातून आत येऊन साहेब कुठे म्हणून विचारायचा, तेव्हा चौकीदार आधी आभाळाकडे बघायचा, उन्हाचा अंदाज घ्यायचा आणि मग सांगायचा, "आता बुंध्याच्या उजव्या अंगाले असन."

पक्कं, विटांचं, पंखे असलेलं ऑफिस तिथून हाकेच्या अंतरावर उभं होतं. ते रिकामं असे. आमचे मॅनेजर भगतसाहेब त्यात बसत नसत, आणि मॅनेजर झाडाखाली बसलेला असताना अकाउंटंट आत पंख्याखाली बसला तर कसं दिसेल, या एका विचारानं मीही बसत नसे. मी अंगानं भरलेला माणूस. वैशाखात यवतमाळ जिल्ह्यात झाडाखाली बसून जमाखर्च लिहायचा म्हणजे काय, ते माझ्या त्या वर्षांच्या वह्यांवरच्या घामाच्या डागांना विचारा. वारा सुटला की व्हाउचरं उडायची. म्हणून मी त्यांच्यावर ढेपेचे तुकडे ठेवायला लागलो. सरकीची ढेप जनावरांना फार आवडते, हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण त्या वेळी सुचलं नाही. चौकीदाराच्या बकरीनं एका दुपारी आधी वजनं खाल्ली आणि मग व्हाउचरं. साहेबांनी शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "असू द्या राऊतबाबू. वाया तं नाई गेलं."

मनोहर भगत हे त्यांचं नाव. गाव राळेगावकडचं. काट्यावर कापूस मोजणारा म्हणून लागले आणि चढत चढत मॅनेजर झाले. आमच्या घाटंजीला ते आले तेव्हा कापसाचे दिवस फिरले होते. बोंडअळी, भाव आणि पाऊस या तिघांनी मिळून काही ठरवलं असावं असंच चाललं होतं. पूर्वी दिवाळीनंतर गाड्यांची रांग पार बाजारापर्यंत जायची. आता ती फाटकाच्या आतच संपायची. सकाळी पेपर आला की तो मोठ्यानं वाचायचा नाही, असा नियम आमच्याकडे आपोआप पडला होता. पहिल्या पानावर आज कोणत्या गावच्या शेतकऱ्याची बातमी आहे आणि त्या गावचा आपल्यात कोण आहे, हे आधी बघावं लागायचं. साहेब पेपर उघडायचे, बघायचे, आणि एखाद्या दिवशी घडी घालून तसाच खणात ठेवून द्यायचे. त्या दिवशी कोणाला तरी लवकर घरी सोडलं जायचं. काहून, असं कोणी विचारत नसे.

अशा दिवसांत या माणसाला काय सुचावं, तर झाडं, पाणी आणि विजेची बटनं.

एक सांगतो, साहेबांनी कोणाला हुकूम केला असं मी कधी ऐकलं नाही. सुरुवातीला मी आतच बसत असे. एका दुपारी ते आले, माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि वर फिरणाऱ्या पंख्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "राऊतबाबू, ह्या हवेतली अर्धी त्या भिंतीले लागून राह्यली. भित्तीले गर्मी होते काय?" मी पंखा बंद केला. ते गेले नाहीत. माझ्याबरोबर त्या भट्टीत बसून राहिले, इकडची तिकडची विचारपूस करत. शेवटी मीच म्हटलं, साहेब, चला झाडाखाली. ते लगेच उठले, जणू माझ्या सांगण्याचीच वाट बघत होते. बाहेर बसायची कल्पना राऊतबाबूंची, असं पुढं ते सगळ्यांना सांगायचे. जिनिंगमधल्या लोकांनी त्याबद्दल मला मनापासून शिव्या घातल्या.

त्यांचा एक ठाम समज होता. इकडं एक बटन बंद केलं की तिकडं कुठंतरी एक चालू राहतं. त्या काळात लोडशेडिंगचा कहर होता. ठरलेल्या वेळेला वीज जायची ती जायचीच, वर अधूनमधून न सांगताही जायची. आमच्याकडे विजेला लाइन म्हणतात. लाइन गेली, लाइन आली, दिवसभर हाच जप. साहेब म्हणायचे, आपल्या जिनिंगातले फुकटचे पंखे, फुकटचे बल्ब बंद झाले तर तेवढी लाइन दुसऱ्या कोणाच्या कामी येते. मी एकदा समजावून सांगायला गेलो की साहेब, वीज अशी इकडून तिकडं जात नाही. त्यांनी माझ्या वहीवर बोट ठेवलं. "तुमी अकाउंटंट असून असं म्हन्ता? इकडं खर्ची पडलं नाई तं तिकडं जमा नाई होत काय?" माझ्याच धंद्यानं मला पाडलं.

गजू मेस्तरी मात्र गप्प बसणाऱ्यातला नव्हता. तो आमचा मशीनवाला. नुसत्या आवाजावरून मोटरचं दुखणं ओळखायचा. विजेतलं आमच्यात सर्वांत जास्त त्यालाच कळायचं आणि ते इतरांना कळत नाही, हेही त्याला कळायचं. तो म्हणायचा, लाइन वरून बंद करतात, अख्ख्या तालुक्याची एकदम. आपल्या पंख्याच्या भरवशावर कोणी बसलेलं नाही. साहेब त्याचं सगळं ऐकून घ्यायचे आणि शेवटी जाता जाता गोदामातला एक बल्ब बंद करून जायचे.

पाण्याचं प्रकरण त्याहून अवघड होतं. साहेबांनी कुंपणाच्या कडेनं झाडं लावली आणि प्रत्येक माणसाला एकेक वाटून दिलं. जेवणाआधी आणि जेवणानंतर ज्यानं त्यानं आपापल्या झाडाच्या बुडाशी हात धुवायचे. झालं! ज्याच्या त्याच्या सवयी चव्हाट्यावर आल्या. माझं सीताफळ वर्षभरात असं फोफावलं की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, कारण राऊतबाबू दिवसातून किती वेळा काहीबाही खातात ते त्या झाडानं सांगून टाकलं होतं. उलट गजू मेस्तरीचा शेवगा वाळून काटकी झाला. मेस्तरी हात न धुताच जेवतो, हे अख्ख्या जिनिंगला कळलं आणि त्याच्या डब्यातली भाजी कोणी घेईनासं झालं. त्यानं साहेबांना हे कधी माफ केलं नाही.

हा रोग मी घरीही नेला. संध्याकाळी खोलीतून खोलीत जाऊन बटनं बंद करत फिरायचो. एकदा बायको पोळ्या लाटत असताना स्वयंपाकघरातलंही बंद केलं. ती लाटणं हातात घेऊन तशीच उभी राहिली आणि म्हणाली, "तुमच्या साहेबाइले म्हना, एक दिवस या अन् अंधारात पोया करून दाखवा." मुलांनी हे वाक्य पाठच केलं. अजून घरात ते वाक्य चालतं, पण मला आता त्याचं पूर्वीसारखं हसू येत नाही.

साहेबांची एक गोष्ट मात्र गमतीची नव्हती. फवारणीच्या औषधाचे रिकामे कॅन. आमच्या भागात घरोघरी ते कॅन असतात. मजबूत असतात, मूठ असते, झाकण घट्ट बसतं. बाया ते धुऊन घेतात आणि त्यात वावरात प्यायचं पाणी नेतात. एखाद्या गाडीवाल्याच्या गाडीला असा कॅन लटकलेला दिसला की साहेब उठायचे. हसरा माणूस, पण चेहरा पार बदलून जायचा. कॅन सोडवून घ्यायचे, विचारायचे, "हे धुतलं?" गाडीवाला म्हणायचा, धुतलं ना साहेब, राखेनं घासून धुतलं. "मंग ते धुतलेलं कुठं गेलं?" साहेब खिशातून मोठा खिळा काढायचे, दगडानं कॅनला भोकं पाडायचे आणि फाटकापाशी रचून ठेवलेल्या उतरंडीतला एक माठ त्या माणसाच्या हातात द्यायचे. एकदा एक जण त्यांच्या अंगावर धावून गेला. तरी त्यांनी आधी खिळा मारला आणि मग शर्टाची कॉलर त्याच्या हातातून सोडवून घेतली.

त्या वर्षी त्यांनी ठरवलं की आधी आपल्या जिनिंगच्या माणसांच्या घरातले कॅन जायला हवेत. आपण केलं तर आपल्या गल्लीतले करतील, गल्लीतले करतील तर गाव करेल. पुढच्या बाजाराच्या दिवशी सगळ्यांनी घरचे कॅन घेऊन यायचं आणि माठ न्यायचा. हे सांगायला ते प्रत्येकापाशी स्वतः गेले. आतापर्यंत पंख्यासाठी, पाण्यासाठी त्यांनी कधी विनवणी केली नव्हती. या वेळी करत होते. रुई निवडणाऱ्या कौसल्याबाईनं तोंडावर विचारलं, "माठ वावरात नेता नेता फुटला तं साहेब येऊन पानी पाजन काय?" सगळ्या बाया हसल्या. साहेबही हसले, पण तिथून हलले नाहीत. "आनजो बाई," एवढंच म्हणत राहिले. "फुटला तं दुसरा देतो. पन कॅन आनजो." त्यांना या एका गोष्टीचं एवढं काय लागून राहिलं आहे, ते आम्हाला कळेना. पण लागून राहिलं आहे, हे कळत होतं. त्यांची झोप उडालेली दिसायची.

आणि नेमकं तेव्हाच गजू मेस्तरीनं ते पाहिलं.

साहेबांचं घर गावाबाहेर, पारव्याच्या रोडवर एका टोकाला होतं. आमच्यापैकी कोणी तिथं गेलेलं नव्हतं. साहेबीण आजारी असते, एवढंच ऐकून होतो. मेस्तरी मशीनचा पट्टा आणायला त्या रस्त्यानं सायकलवर गेला होता आणि भर दुपारी त्याला उघड्या दारातून आत बल्ब जळताना दिसले. एक नाही, एकाहून जास्त. येऊन त्यानं चहाच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितलं. बाहेर ऊन मावत नाही आणि साहेबांच्या घरात दिवाळी चालली आहे. "आपल्याले घामात बसवते, हात कुठं धुवायचे ते सांगते, अन् घरी पाहा म्हना!"

मी म्हटलं, चुकून राहिला असेल एखादा. तो म्हणाला, तो परत येतानाही थांबून बघून आला होता.

या एका गोष्टीनं दोन दिवसांत सगळं उलटलं. गोदामातले बल्ब दिवसा जळायला लागले. पक्क्या ऑफिसात जाऊन कोणीतरी दोन्ही पंखे सोडून आलं, रिकाम्या खुर्च्यांना वारा. साहेब गेले, त्यांनी ते बंद केले. ते वळले की पुन्हा सुरू. झाडांना कोणी पाणी घालेना. साहेबांना काय बिनसलं ते समजत नव्हतं. ते एकेकाकडे बघायचे आणि ज्याच्याकडे बघायचे तो दुसरीकडे बघायचा. आणि बाजार दोन दिवसांवर आला होता. एकही कॅन येणार नाही, हे उघड होतं. कौसल्याबाई तर म्हणाली की ती घरचा कॅन मुद्दाम जिनिंगात घेऊन येईल आणि साहेबांसमोर त्यातून पाणी पिईल.

दुसऱ्या दिवशी साहेब जिनिंगच्या मालकांना, शेटजींना, भेटायला यवतमाळला गेले आणि काटाघराची चावी चुकून त्यांच्या घरी राहिली. मेस्तरीला आयतीच संधी मिळाली. तो मला म्हणाला, "तुमी जा राऊतबाबू. चावी आना अन् आपल्या डोयानं पाहून या. मी खोटा निंगालो तं उद्यापासून त्या शेवग्यापाशी आंघोळ करतो."

खरं सांगायचं तर मलाही बघायचंच होतं. दोन वर्षं घाम गाळला होता मी.

दुपारची वेळ. दार उघडं होतं. आतलं घर मातीचं, थंड, अंधारं, खिडकी एकच आणि तीही बोळाकडे उघडणारी. आणि मेस्तरी खोटं बोलला नव्हता. चुलीच्या वर एक बल्ब जळत होता. पाण्याच्या माठांवर एक. पलंगाच्या उशाशी एक. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीवर एक छोटा. मी उंबऱ्यात उभा राहून मनातल्या मनात साहेबांना काय काय म्हणत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला.

"कोन हाय? राऊतबाबू काय?"

चुलीपाशी एक बाई बसल्या होत्या. वळून दाराकडे बघत होत्या, पण माझ्याकडे नाही. माझ्या खांद्याच्या थोडं वर कुठंतरी. मी विचारलं, बाई, तुम्ही मला कसं ओळखलं?

"दारातला उजेड पुरा गेला," त्या म्हणाल्या. "बाकीचे आले तं बाजूनं थोडा राह्यते. सीताफळवाले राऊतबाबू अंगानं मजबूत हाय म्हने. जयभीम भाऊ. बसा."

मी बसलो.

विमलबाई नाव त्यांचं. त्यांना माणूस दिसत नव्हता, भांडं दिसत नव्हतं, रंग दिसत नव्हता. फक्त उजेड कुठं आहे तेवढं कळायचं. साहेबांनी घरात बल्ब टांगले होते ते वाटेवर खुणा ठेवाव्या तसे. हा चुलीचा, हा पाण्याचा, हा पलंगाचा. त्या उजेडाकडे बघत बघत त्या चुलीपासून माठापर्यंत जायच्या, भाकर करायच्या, चहा करायच्या. त्यांना बोलायचं होतं. त्या घरात दुसरं कोणी येत नसावं. मी नको नको म्हणत असताना त्यांनी चहा टाकला आणि एकेकाची चौकशी सुरू केली. कौसल्याबाईच्या लिंबाला फूल आलं काय? चौकीदाराची बकरी आता काय खाते? मेस्तरीभाऊ हात धुते का नाही? आमचं अख्खं जिनिंग त्यांना झाडांवरून पाठ होतं. साहेब रोज संध्याकाळी येऊन सांगत असले पाहिजेत, एकेकाचं, सगळं.

चहाचा कप घेऊन त्या माझ्याकडे निघाल्या आणि मध्येच लाइन गेली.

चारही बल्ब विझले. त्या जागच्या जागी थांबल्या. पुढचं पाऊल उचललेलं, तेही हळूच खाली ठेवलं. मी उठलो, म्हटलं, मी धरतो तुम्हाला.

"नोका भाऊ," त्या म्हणाल्या. "मंग मले माही जागा सापडत नाई. टायमावर जाते तवा मी आधीच पलंगावर बसून राह्यतो. अशी मंधात गेली का मंग जिथं असन तिथंच." आणि हसून, जणू मलाच धीर द्यायला, पुढं म्हणाल्या, "येईन आता. पयले तं लय जाये. तुमी लोकाइनं तिकडं पंखे बंद करनं सुरू केलं तवापासून कमी जाते. हे सांगते ना मले. आज मेस्तरीनं एवढे बंद केले, आज राऊतबाबू दिवसभर उन्हात बसले. तुमचे लय उपकार हाय."

त्या कप हातात धरून खोलीच्या मध्यभागी उभ्या होत्या. मीही उभाच राहिलो. बसवेना.

मी अकाउंटंट असलो तरी तेवढं मला कळत होतं की आमच्या पंख्यांनी तिथला एक बल्बही कधी वाचला नसेल.

काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारलं, डोळ्यांना कधीपासून? त्या म्हणाल्या, गावी असताना, निंदण चालू होतं, ऊन फार होतं, कॅनमधल्या पाण्यानं तोंड धुतलं आणि त्या रात्रीपासून आग आग सुरू झाली. डॉक्टरांनी नक्की काही सांगितलं नाही. कोणी म्हणालं त्यानं, कोणी म्हणालं ते आधीपासूनच असेल. "मी म्हन्तो, वयानं झालं. पन हे आयकत नाई. कॅन त्याईनं धुऊन देल्लता ना भरून." जरा थांबून त्या म्हणाल्या, "चांगला धुतलता. मले आठोते, अंगनात बसून किती वेळ धूत होते."

लाइन आली. त्यांनी आधी मान वर करून चुलीवरचा बल्ब कुठं आहे ते बघितलं, मग त्या दाराकडे वळल्या आणि कप बरोबर माझ्या हातात दिला. थंड झाला असेल म्हणाल्या. मी गरम आहे म्हटलं आणि पिऊन टाकला.

चावी घेऊन जिनिंगात आलो तर सगळे माझी वाट बघत थांबले होते. मेस्तरीनं विचारलं, "काय, दिसले का बल्ब?" मी म्हटलं, दिसले, चार आहेत. हशा पिकला. मग तो विरेपर्यंत थांबून मी बाकीचं सांगितलं. नीट सांगता आलं नाही. घरात मुलांना गोष्टी सांगून सांगून मला वाटायचं की सांगण्यात आपला हात कोणी धरणार नाही, पण त्या दिवशी वाक्यं जागेवर येईनात. कप धरून उभ्या राहिलेल्या बाईपाशी येऊन मी थांबलो, तो थांबलोच.

कौसल्याबाईनं पदर डोळ्यांवर ओढून घेतला आणि ती रुईच्या ढिगाकडे निघून गेली. मेस्तरी हातातला पाना उगाच पुसत बसला. मग म्हणाला, "आपल्याले माहीत हाय हे साहेबाइले समजलं नाई पाह्यजे." आणि उठून गोदामात गेला. जाता जाता त्यानं पक्क्या ऑफिसातले दोन्ही पंखे बंद केले.

बाजाराच्या दिवशी साहेब सकाळपासून फाटकापाशी, माठांच्या उतरंडीशेजारी उभे होते. कोणी येणार नाही असं मनाशी धरूनच उभे असावेत. पहिली कौसल्याबाई आली, दोन्ही हातांत कॅन. मग तिच्या गल्लीतल्या बाया. चौकीदार डोक्यावर पोतं घेऊन आला, ते कॅनांनीच भरलेलं. मेस्तरी तर सायकलला दोरीनं माळच बांधून आला, आपले आणि शेजाऱ्यांचेही. साहेब बघतच राहिले. त्यांनी त्याला विचारलं, "काहून मेस्तरी, तुमी तं नाई म्हनत होते?"

"बायको म्हने घरात पसारा होते," मेस्तरी म्हणाला आणि मान खाली घालून दोरी सोडायला लागला.

साहेबांनी खिळा काढला. दुसऱ्या कोणाला त्यांनी हात लावू दिला नाही. एकेक कॅन घ्यायचे, झाकण काढून नाकाशी न्यायचे आणि मग दगडानं खिळा ठोकायचे. कॅन धुतलेले असोत, जुने असोत, प्रत्येकाचा वास घेऊनच ठोकायचे. आम्ही माठ वाटत होतो आणि त्यांच्याकडे बघत नव्हतो.

दुपारी लाइन गेली. जाण्याची वेळ नव्हती, मध्येच गेली. मशीन घरघरत थांबलं. साहेबांनी खिळा खिशात टाकला, टोपी घातली आणि म्हणाले, "जरा पोस्टात जाऊन येतो."

तेव्हा कुठं मला उमगलं की अवेळी लाइन गेली की या माणसाला नेहमीच पोस्टात काहीतरी काम निघत असे. पोस्ट गावात होतं. साहेबांची सायकल पारव्याच्या रोडकडे वळायची.

त्या दिवशी त्यांच्या सायकलच्या मागच्या चाकात हवा नव्हती. ते चाक दाबून बघत होते, तोच मेस्तरीनं स्वतःची सायकल त्यांच्यापुढं आणून उभी केली. "घ्या साहेब, माही घ्या. पोस्ट बंद होईन." साहेबांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, काहीतरी विचारावं असं त्यांच्या मनात आलं असावं, पण वेळ नव्हता. ते सायकलवर बसले आणि ऊन असूनही चांगले जोरात निघाले.

ते वळणापर्यंत पोचले असतील नसतील, लाइन आली. सगळे उठले. रुई निवडणाऱ्या बाया ढिगापाशी जाऊन बसल्या, मी वही उघडली. मेस्तरी मशीनपाशी गेला. त्यानं बटनावर हात ठेवला, पण दाबलं नाही. मी त्याच्याकडे बघितलं. विजेतलं आमच्यात सर्वांत जास्त कळणारा माणूस बटनावर हात ठेवून फाटकाबाहेरच्या रस्त्याकडे बघत उभा होता.

"थांबा जरासे," तो म्हणाला. "साहेबाइले घरी पोचू द्या."